तरवड, भुंगा आणि आमचा धुरा

मॅगझिनसाठी लेख द्या अशी नोटीस लागली तेव्हा रूममेट म्हणाला, "तू सिव्हिलचा. काँक्रीटवर लिही, नाहीतर प्रेमावर लिही." काँक्रीटचे क्यूब आमच्या बॅचने आतापर्यंत तीनदाच फोडलेत, आणि दुसऱ्या विषयातला अनुभव तर त्याहून कमी. म्हणून मी एका झुडपावर लिहायचं ठरवलं. हसू नका. या झुडपात फ्लुइड मेकॅनिक्स आहे, सॉइल मेकॅनिक्स आहे आणि फर्स्ट इयरचं फिजिक्सही आहे. शिवाय आमच्या घरचं एक भांडणही आहे. तिथूनच सुरुवात करतो.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात. (नाशिककडचं मालेगाव नव्हे, हे मला हॉस्टेलमध्ये चार वर्षं सांगावं लागलंय.) १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारावर बसलेला आहे. एक गंमत सांगतो. याच जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते, आणि तिचं पाणी तापीमार्गे अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्याकडे पडलेला पाऊस कोणत्या समुद्राला जाणार, हे एखाद्या टेकाडावर ठरतं! ऐकायला छान वाटतं, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की पाणी इथे थांबत नाही. उतारावरून निघतं आणि जाताना माती घेऊन जातं.

फर्स्ट इयरची परीक्षा देऊन घरी गेलो होतो, त्या जुलैत आमचा धुरा फुटला. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी. एका रात्रीत जोराचा पाऊस झाला. सकाळी पाहिलं तर दहा-बारा फुटांचं भगदाड! वरच्या वावरातली माती आमच्या कोवळ्या सोयाबीनवर पसरलेली आणि आमची माती खालच्या नाल्यात. बाबा म्हणाले, "शेजाऱ्यानं दरसाली वीतभर धुरा नांगरला, म्हणून फुटला." शेजारचे काका म्हणाले, "तुम्हीच तणनाशक मारून धुरा बोडका केला, म्हणून फुटला." दोघेही थोडे थोडे खरे होते. पण त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. विदर्भात धुऱ्यावरून कोर्टात गेलेली भांडणं कमी नाहीत, त्यात आमची एक भर पडते की काय, अशी मला भीती वाटत होती.

धुरा का फुटतो?

सेकंड इयरला हे सगळं पुस्तकात भेटलं. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीचे कण त्याने सुटे होतात. मग पाणी पातळ थराने वाहू लागतं, त्याच्या बारीक चऱ्या होतात आणि चऱ्यांच्या घळी होतात. वाहत्या पाण्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे पाण्याचा वेग निम्मा केला तर त्याची ऊर्जा चौथाईवर येते. वेग कमी करायला पृष्ठभाग खडबडीत पाहिजे. मॅनिंगच्या सूत्रातला तो 'एन' आठवतो का? गवत, पालापाचोळा, खोडं हा सगळा 'एन' वाढवायचा सामान आहे. बोडक्या धुऱ्यावर 'एन' जवळजवळ नाहीच.

त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भेगेत पहिलं पाणी शिरलं की धुरा आतून पोखरला जातो. त्याला वरून झाकण पाहिजे आणि आतून मुळांचं जाळं पाहिजे.

आता शेतकरी धुरा बोडका का करतो, तेही समजून घ्या. तो काही वेडा नाही. धुऱ्यावर हरळी आणि कुंदा माजला की तो वावरात शिरतो, आणि एकदा शिरला की निघता निघत नाही. निंदायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. म्हणून पाठीवर पंप घ्यायचा आणि मारायचं. तेव्हा "धुऱ्यावर काही मारू नका" एवढं सांगून भागत नाही. मारायचं नाही तर तिथे काय ठेवायचं, याचं उत्तर द्यावं लागतं.

हे उत्तर मला आजीने दिलं. म्हणाली, "तरवड लाव नं बापा. ढोरं त्याले तोंड लावत नाईत. आमच्या टायमाले सारा माय पिवळा दिसे."

तरवड ओळखायचं कसं?

मी हॉस्टेलवर येऊन तरवड म्हटलं तर निम्म्या मुलांना तरोटा वाटला. तरोटा म्हणजे टाकळा, पावसाळ्यात ज्याची भाजी करतात तो. दोघं नात्यातले, पण वेगळे. तरोट्याला पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, आणि तो एका हंगामात उगवून मरतो. तरवड हे बारमाही झुडूप आहे. साधारण कमरेपासून छातीपर्यंत वाढतं. पानात पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात. प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी ग्रंथी असते. आणि खात्रीची खूण म्हणजे पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णं. यावरूनच लिनियसने १७५३ मध्ये त्याच्या नावात 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कानवालं हा शब्द घातला. आज त्याचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. फुलं मोठी, पिवळीजर्द, फांदीच्या टोकाला झुपक्याने येतात. शेंगा चपट्या, कागदासारख्या.

तरवड आपल्याच मातीतलं आहे. भारतातल्या कोरड्या भागांत ते आपोआप वाढतं. घाणेरी आपल्याला इतकी ओळखीची झाली आहे की ती इथलीच वाटते, पण ती अमेरिकेतून आली आणि तिने माळ बळकावले. तरवडाला तमिळमध्ये आवारम म्हणतात, तेलुगूत तंगेडू. तेलंगणात बतुकम्माच्या सणाला बायका फुलांची जी उतरंड रचतात, तिच्यात हे फूल लागतंच, आणि तेलंगणाने त्याला राज्यफूल केलं आहे. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर, म्हणून चामडं कमावायला ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. मद्रासकडून परदेशी जाणारं चामडं या सालीवरच कमावलेलं असे. आपल्याकडे मात्र माळावर उभं असलेलं हे झुडूप आपण सरपण म्हणून तोडतो.

भुंग्याचा आवाज का बदलतो?

आता लेखातला माझा आवडता भाग. हॉस्टेलच्या मागच्या माळावर तरवडाची पाच-सात झुडपं आहेत. सबमिशनच्या आधीच्या एका सकाळी (म्हणजे अभ्यास सोडून काहीही करायची इच्छा असते तेव्हा) मी तिथे बसलो होतो. एक मोठा काळा भुंगा आला. उडताना त्याचा आवाज नेहमीसारखा घूंऽऽ असा. फुलावर बसला, पंख मिटले आणि अचानक आवाज चढला! टिपेचा, तुटक. जणू कोणी लहान ड्रिल मशीन चालू-बंद करतंय. पंख तर हलत नव्हते. मग आवाज कशाचा?

शोधल्यावर कळलं. तरवडाच्या फुलात मध नसतो. असतात फक्त परागकण, आणि तेही कुलपात! साध्या फुलांचे परागकोश उभे चिरतात आणि पराग बाहेर पडतो. तरवडाच्या परागकोशाला टोकाशी बारीक भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी. डबी हलवली तरच मीठ पडणार. सुतारमाशी (आपला काळा भुंगा, आणि पराग गोळा करते ती मादी) परागकोशाला घट्ट पकडते, पंख न हलवता उडायचे स्नायू कंप पावते आणि सगळं शरीर थरथरवते. पंख मिटल्यामुळे कंपनांची वारंवारता उडतानापेक्षा जास्त होते, म्हणून आवाज चढतो. वेगवेगळ्या माश्यांत ही वारंवारता साधारण १०० ते ४०० हर्ट्झ भरते. आतले परागकण आपटून आपटून भोकातून उडतात आणि तिच्या पोटावर चिकटतात. खालचे लांब, वाकडे पुंकेसर तिच्या अंगाला अशा ठिकाणी पराग लावतात, की जिथून तो पुढच्या फुलाच्या कुक्षीवर जाईल. मधले पुंकेसर तिच्या जेवणाचे, लांब पुंकेसर झाडाच्या कामाचे आणि वरचे लहान पुंकेसर वांझ. कामाची वाटणी अशी चोख!

आता जरा आकडेमोड. कंपनात महत्तम त्वरण असतं वारंवारतेच्या वर्गाच्या आणि आयामाच्या प्रमाणात. समजा वारंवारता ३०० हर्ट्झ आणि आयाम फक्त ०.१ मिलिमीटर. कोनीय वारंवारता होते सुमारे १८८५. तिचा वर्ग गुणिले ०.०००१ मीटर, म्हणजे सुमारे ३५५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरणाच्या ३६ पट! एका माशीने! याचं पहिलं नीट गणिती मॉडेल १९७८ मध्ये बुकमन आणि हर्ली यांनी मांडलं. त्यात परागकण डबीत ठेवलेल्या कणांसारखे भिंतींवर आपटतात असं धरलं आहे. आपण वायूंचा गतिज सिद्धांत शिकतो, तसाच प्रकार.

मला राहवलं नाही. फिजिक्स लॅबमध्ये जाऊन २५६ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क मागितला. शाळेत आपण त्याला नादकाटा म्हणायचो. लॅब असिस्टंट म्हणाले, "फुलाला काटा लावणार? फायनल इयर प्रोजेक्ट आहे का?" तरी दिला, भले माणूस. रबरावर आपटून काटा फुलाच्या बुडाशी टेकवला, खाली काळा कागद धरला. कागदावर पिवळी पूड! दुसऱ्या फुलाला नुसतं बोटाने हळूच हलवलं, तर जवळजवळ काही नाही. ५१२ च्या काट्याने पूड कमी पडली, पण त्यावरून नियम काढू नका. तो काटा थरथरतोही कमी, आणि संशोधकांच्या मोजणीतही नुसत्या वारंवारतेपेक्षा कंपन किती जोराचं आहे याला जास्त महत्त्व निघालं आहे.

हा नुसता छंद नाही. टोमॅटो आणि वांगी यांचे परागकोशही असेच टोकाला उघडतात. त्यांना वारा चालतो, स्वतःचा परागही चालतो, पण थरथरवणारी माशी आली तर फळधारणा सुधारते. युरोपातल्या काचघरांत वारा नसतो, म्हणून तिथे पूर्वी मजूर हातात विजेवर चालणारी कंपनयंत्रं घेऊन टोमॅटोच्या झुपक्यांना लावत फिरायचे. १९८७ च्या सुमारास बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये बंबल-बी नावाच्या जाड केसाळ माश्या पाळून विकायला सुरुवात झाली आणि ती यंत्रं मागे पडली. म्हणजे बघा, इंजिनिअरने केलेलं मशीन माशीपुढे हरलं! आणि लक्षात ठेवा, मधमाशीला हे थरथरवणं जमत नाही. आग्या असो, सातेरी असो वा फुलोरी. त्या आल्या तर सांडलेला पराग वेचतात. म्हणून "मधाच्या पेट्या ठेवल्या की परागीभवनाचं झालं" हे अर्धसत्य आहे. भुंग्यांची, निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्यांची पेटी मिळत नाही. त्यांना धुऱ्यावरच जागा द्यावी लागते.

आमच्याकडे तूर महत्त्वाची. ती स्वतःच्या परागावरही फळते, म्हणून तरवड लावल्याने तूर वाढेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तुरीच्या फुलावर काळा भुंगा आणि पानं कापणाऱ्या माश्या नेहमी येतात, आणि एका झाडाचा पराग दुसऱ्यावर तेच नेतात. हैदराबादच्या इक्रिसॅटने तुरीची आयसीपीएच २६७१ ही संकरित जात काढली, तिचं बियाणं तयार होणं या माश्यांच्या फेऱ्यांवरच अवलंबून आहे. तूर फुलते ती थंडीच्या तोंडाशी. त्याआधी या माश्यांनी खायचं काय? तरवड पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून फुलायला लागतं. शिवाय त्याच्या पानांवर पिवळसर-पांढऱ्या इमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पानं थोडी कुरतडलेली दिसली तर लगेच पंप काढू नका.

एक मर्यादा सांगून ठेवतो. तरवडात मध नाही, म्हणजे माश्यांना पोळी मिळाली पण गूळ नाही. म्हणून धुऱ्यावर मधाचंही काहीतरी हवं. निर्गुडी चालते, मुरमाड उतारावर धायटी चालते. आणि भुंगा घर करतो वाळक्या लाकडात, बांबूत. एखादं वाळकं खोड धुऱ्याच्या टोकाला पडू द्या.

लावायचं कसं?

१. बी: हिवाळ्याच्या शेवटी शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की गोळा करा. एकाच झुडपाच्या घेऊ नका, पाच-सहा झुडपांच्या मिसळा.

२. कवच: बी कडक असतं, पाणी आत शिरत नाही. मी निम्मं बी तसंच पेरलं आणि निम्म्यावर विस्तवावरून उतरवलेलं उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवलं. पहिल्या वाफ्यात बोटांवर मोजण्याइतकी रोपं आली, दुसऱ्यात निम्म्याहून जास्त. पाणी ओता, पण बी विस्तवावर उकळू नका. त्याची भाजी होते.

३. जागा: तरवडाचं सोटमूळ खोल जातं. पिशवीत ते वळतं, म्हणून थेट धुऱ्यावर पेरलेलं बरं. मृगाचा चांगला पाऊस होऊन ओल झाली की बोटाच्या एका पेराएवढं खोल, जागी तीन-तीन बिया. दोन जागांत दीड ते दोन फूट अंतर. दोन ओळी केल्या तर एकाआड एक, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. धुऱ्याच्या माथ्यावर लावू नका, उतारावर लावा. माथा चालायला लागतो.

४. मधली जागा: झुडूप एकटं माती झाकत नाही, हे महत्त्वाचं. बुडाशी मोकळी माती राहिली तर तिथूनच चरी पडते. मध्ये मारवेलसारखं झुपक्याने वाढणारं देशी गवत राहू द्या. हरळी आणि कुंदा मात्र पहिल्या वर्षी हाताने काढा.

५. छाटणी: दुसऱ्या वर्षापासून, फुलं आणि शेंगा संपल्या की उन्हाळ्याच्या शेवटी गुडघ्याएवढं छाटा. पावसात ते खालून फुटतं आणि दाट होतं. छाटलेला पाला तिथेच पसरा.

६. फवारणी: तूर फुलात असताना फवारायचंच असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

आणि भांडणाचं काय झालं?

सेकंड इयरच्या परीक्षेनंतर मी बी घेऊन गावी गेलो. बाबा म्हणाले, "लोक धुऱ्यावरचं काढतेत, तू लावून रायला!" पण आजी माझ्या बाजूने होती, त्यामुळे बहुमत झालं. अडचण शेजारच्या काकांची. त्यांना न विचारता लावलं असतं तर नवीन भांडण. मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "सावली पडल वावरात. उंदरं होतीन, साप येतीन." सावलीचं मी सांगितलं, झुडूप छातीच्या वर जात नाही आणि दरसाल छाटणार आहोत. उंदरांचं माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. बुडखा मोकळा ठेवू, एवढंच म्हणालो. शेवटी मी म्हटलं, "काका, धुऱ्याची मधली रेघ तुम्हीच आखून द्या. त्या रेघेवर तरवड लावतो. मग कोणाचाच नांगर पुढे येणार नाही." ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी घेऊन आले. बाबाही आले. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण दोरीचं एक-एक टोक धरून उभे राहिले.

पहिल्या वर्षी निम्मी रोपं जगली. ट्रॅक्टर वळतो त्या टोकाची सगळी चिरडली. ती माझी चूक, तिथे दगड रचायला पाहिजे होते. थर्ड इयरनंतरच्या जुलैत पुन्हा तसाच पाऊस झाला. मी पहाटेच धुऱ्यावर गेलो. तरवड आणि गवत होतं तिथे धुरा उभा होता. झुडपांच्या वरच्या अंगाला वाहून आलेल्या मातीचा छोटा ढीग साचला होता. ट्रॅक्टरच्या टोकाला मात्र हातभर फुटला होता. एका वावरावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आमच्या सरांचं वाक्य मला पाठ आहे. पण ज्याची माती वाचली त्याला ते वावर पुरेसं असतं.

त्या दिवशी काका फावडं घेऊन आले. फुटलेलं टोक बुजवताना बाबांना म्हणाले, "इथंई लावा लागन ते. बी हाये का पोराजवळ?" दोन वर्षांनी आलेलं हे पहिलं वाक्य!

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण उद्या रस्ते, कालवे, भराव बांधणार आहेत. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याच्या कडेने जाताना मी आता भरावांचे उतार बघत बसतो. प्रत्येक उताराला काँक्रीटच लागतं असं नाही. काही ठिकाणी दोन रुपयांचं बी, उकळतं पाणी आणि दोन पावसाळ्यांचा धीर पुरतो.

माझ्या खोलीत डब्यात तरवडाचं बी आहे. ज्याला पाहिजे त्याने येऊन घेऊन जावं. फक्त जर्नल पूर्ण असेल तर बरोबर आणावं, मला कॉपी करायची आहे!